आहे तसा आवाज : घरातल्या स्टुडिओ मॉनिटरचा आढावा

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात सीनेच्या काठी डोमगाव आहे. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ तिथला. समर्थांनी सांगावे आणि कल्याणस्वामींनी लिहून घ्यावे, असा दासबोध उतरला; त्यांच्या हातची पोथी डोमगावच्या मठाने जपली. लेखनिकाचे काम मोठे कठीण. कानावर पडले ते तसेच उतरवायचे. पदरचा शब्द घालायचा नाही, अवघड वाटला म्हणून गाळायचा नाही, गोड लागावा म्हणून बदलायचा नाही. ध्वनीच्या जगात हेच काम ज्याच्याकडून अपेक्षित असते, तो स्पीकर म्हणजे स्टुडिओ मॉनिटर.

पूर्वी हे मॉनिटर मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंतच असत. आता परंड्यासारख्या तालुक्याच्या गावीही एखाद्याच्या घरात लॅपटॉप, माइक, छोटा ऑडिओ इंटरफेस आणि टेबलावर दोन काळे डबे असू शकतात. कोणाला देवीची आराधी गीते ध्वनिमुद्रित करायची असतात, कोणाला कीर्तन स्वच्छ करून यूट्यूबवर चढवायचे असते, कोणाला रात्रीची कामे आटोपल्यावर दोन घटका मन लावून गाणे ऐकायचे असते. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच : हे स्पीकर घरात आणले, तर आवाज खरोखर आहे तसा ऐकू येतो का?

माझे उत्तर आधीच सांगतो. येतो, पण निम्मे काम स्पीकर करतो आणि निम्मे खोली करते. आपल्या विटा-सिमेंटच्या, स्लॅबच्या खोल्यांत तर खोलीचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. त्यामुळे सगळा पैसा स्पीकरवर घालून खोली तशीच ठेवली, तर तो पैसा बराचसा वाया जातो.

गोड स्पीकर आणि खरा स्पीकर

घरोघरी जे स्पीकर असतात, ते ऐकणाऱ्याला लगेच आवडावेत म्हणून घडवलेले असतात. होम थिएटरचा बेस फुगवलेला असतो, वरचा चकचकीत सूरही वाढवलेला असतो. मधला भाग मात्र मागे पडतो, आणि गाण्याचे शब्द नेमके त्या मधल्या भागात असतात. डीजेचे टॉप आणि बेस मैदानात लांबवर दणका पोचवण्यासाठी असतात. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तर खालचे सूर काढताच येत नाहीत. ज्याच्या-त्याच्या कामापुरते हे सगळे ठीक आहे.

अडचण येते ती ध्वनिमुद्रण करणाऱ्याची. एका भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण मी पूर्वी घरच्या होम थिएटरवर ऐकून तयार केले होते. पखवाजाची धुम फार वाटली, म्हणून ती खाली आणली. टाळ कानाला टोचले, म्हणून तेही दाबले. घरी सगळे छान जमल्यासारखे वाटत होते. पुढे तेच ध्वनिमुद्रण मंडळातल्या एकाच्या गाडीत ऐकले, तर पखवाज जवळजवळ नाहीसा झालेला आणि टाळ घोंगडीखाली झाकल्यासारखे. धुम पखवाजाची नव्हतीच; ती माझ्या स्पीकरची होती आणि मी ती पखवाजातून कापून टाकली होती. स्पीकर जेवढे खोटे सांगतो, तेवढी चूक उलट्या बाजूने ध्वनिमुद्रणात उतरते, आणि ती कायमची राहते.

मॉनिटर हा घोटाळा टाळण्यासाठी असतो. खर्जापासून टिपेपर्यंत कोणताही सूर आपल्या मनाने वाढवू किंवा घटवू नये, असा त्याचा प्रयत्न असतो. आजचे बहुतेक मॉनिटर ‘ॲक्टिव्ह’ असतात, म्हणजे ॲम्प्लिफायर डब्यातच असतो. दोन मार्गांच्या मॉनिटरमध्ये आवाज आधी क्रॉसओव्हरमध्ये खालच्या आणि वरच्या सुरांत विभागला जातो. खालचा भाग वूफरच्या ॲम्प्लिफायरकडे जातो आणि वरचा ट्वीटरच्या. प्रत्येक ॲम्प्लिफायर त्या-त्या शंकूसाठीच जुळवलेला असल्याने, कोणता ॲम्प्लिफायर कोणत्या स्पीकरला चालेल ही डोकेदुखी उरत नाही. घरात वापरतात ते ‘निअर-फील्ड’ मॉनिटर, म्हणजे तीन ते पाच फुटांवर बसून ऐकायचे. इतक्या जवळून स्पीकरचा थेट आवाज जास्त आणि भिंतींवरून परतणारा कमी ऐकू येतो. लहान खोलीसाठी हीच त्यांची मोठी सोय आहे.

टेबलावरच्या डब्यांची परंपरा

जवळ बसून ऐकण्याच्या या पद्धतीला मोठा इतिहास आहे. ऑराटोन नावाचे एकाच शंकूचे छोटे चौकोनी डबे स्टुडिओंत ठेवले जात, ते श्रोत्याच्या रेडिओवर आणि गाडीत गाणे कसे वाजेल याचा अंदाज घेण्यासाठी. 1970 च्या दशकात ब्रिटनच्या बीबीसीने एलएस 3/5ए हा लहानसा मॉनिटर घडवला. स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणासाठी जाणाऱ्या गाडीत मोठा स्पीकर मावत नसे आणि निवेदकाचा आवाज तर नीट पारखायचा असे, त्यासाठी तो होता. माणसाच्या आवाजाबद्दलची त्याची सचोटी इतकी वाखाणली गेली, की पुढे लोकांनी तो घरी ऐकण्यासाठीही घेतला. स्टुडिओचा मॉनिटर घरात चालतो का, या प्रश्नाचे एक उत्तर तेव्हाच मिळाले होते.

यामाहाच्या एनएस-10 चा प्रवास याच्या उलट. 1978 मध्ये तो घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आला आणि घरात फारसा रुजला नाही. स्टुडिओवाल्यांनी मात्र तो उचलला. पांढऱ्या शंकूचा तो स्पीकर पुढे जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलावर दिसू लागला. त्याचा आवाज सपाट नव्हता. मधला भाग पुढे यायचा आणि खर्ज कमी पडायचा. पण त्याचा डबा बंद होता, शंकू आघात झाला की चटकन हलायचा आणि चटकन थांबायचा, त्यामुळे ठेक्यातला आणि मधल्या सुरांतला दोष लपून राहत नसे. शंकूसाठी लागणारा कागदाचा लगदा मिळेनासा झाल्याने 2001 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. यातून घेण्यासारखी गोष्ट ही, की स्पीकरचा खरेपणा फक्त कोणता सूर किती मोठा यावर ठरत नाही, सूर वेळेवर सुरू होतो आणि वेळेवर थांबतो की नाही हेही त्यात येते. संबळाच्या टिपऱ्या आणि हलगीची कडकड ऐकणाऱ्या आपल्या भागाला हे वेगळे समजावायला नको.

ज्या वर्षी एनएस-10 आला, त्याच 1978 मध्ये फिनलंडमधल्या ईसाल्मी या गावी जेनेलेक ही कंपनी सुरू झाली आणि ॲक्टिव्ह मॉनिटरचा प्रसार करण्यात तिचा मोठा वाटा राहिला. पुढे जर्मनीतली ॲडम, अमेरिकेतली जेबीएल आणि केआरके, जपानची यामाहा अशा कंपन्यांनी पाच आणि सात-आठ इंची वूफरचे घरगुती मॉनिटर आणले. कोलकात्याच्या सोनोडाइननेही मॉनिटर बनवले. गेल्या वीस वर्षांत या वर्गातल्या साध्या मॉनिटरची गुणवत्ता इतकी सुधारली आहे, की पहिल्यांदा घेणाऱ्याने कंपनीच्या नावावरून फार वाद घालत बसू नये.

खरे म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे?

‘मला गोड लागते तेच खरे’ असे कोणी म्हणाले, तर त्याला काय सांगायचे? या प्रश्नावर कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हरमन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षे काम केले. स्पीकर पडद्याआड ठेवून, नाव आणि किंमत कळू न देता त्यांनी श्रोत्यांची पसंती नोंदवली आणि त्याच स्पीकरची मोजमापेही घेतली. ज्याचा आवाज समोरून सपाट आणि बाजूंनाही एकसारखा उतरत जाणारा आहे, तोच स्पीकर बहुतेक श्रोते निवडतात, असे पुन्हा पुन्हा दिसले. सपाट आवाज रुक्ष असतो ही समजूत त्यामुळे मागे पडते. झाकून ऐकले की कान बहुधा खऱ्याच्याच बाजूने कौल देतो.

कानाची स्वतःची एक खोडही लक्षात ठेवली पाहिजे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिले, की आवाज लहान असताना आपल्याला खर्जाचे सूर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात. म्हणून हळू आवाजात मिक्स करणारा बेस वाढवून ठेवतो आणि मोठ्याने ऐकणारा तो कमी करतो. उपाय सोपा आहे. घरच्या लहान खोलीत 75 ते 80 डेसिबलच्या आसपास एक पातळी ठरवायची, बटणावर खूण करायची आणि रोज त्याच पातळीवर ऐकायचे. मोबाइलवरचे ध्वनिमापक ॲप एवढ्या कामाला पुरते. यात कानाची काळजीही आपोआप घेतली जाते. 85 डेसिबलला आठ तास ही कानासाठी मर्यादा मानतात, आणि त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते.

कंपनीच्या कागदावरचे आकडेही नीट वाचावेत. यामाहाच्या एचएस5 या पाच इंची मॉनिटरची खालची मर्यादा 54 हर्ट्झ लिहिलेली असते, पण तिथे आवाज 10 डेसिबलने उतरलेला असतो. 3 डेसिबलचीच घट धरली, तर तो 74 हर्ट्झपर्यंत जातो. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा तानपुरा घ्या. त्याच्या जोडीचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झ आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे साधारण 69 हर्ट्झ. पाच इंची वूफर जिथे थकू लागतो, नेमकी तिथे ती तार आहे. वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे मूळ सुराबरोबर उठणाऱ्या बारीक सुरांवरून, कान तो खर्ज ओळखतो, पण त्याचे वजन पूर्ण जाणवत नाही. पखवाज, ढोल किंवा तानपुऱ्याचा खर्ज पारखायचा असेल, तर सात-आठ इंची वूफर हवा. मात्र मोठा वूफर लहान खोलीला जास्त घुमवतो, आणि इथूनच खोलीची गोष्ट सुरू होते.

दहा बाय बाराची खोली

नवी बांधलेली दहा बाय बारा फुटांची खोली घ्या. वर स्लॅब, तोही दहा फुटांवर. खाली चकचकीत फरशी, भिंतींना सिमेंटचा गिलावा, एक खिडकी, एक दार. रिकाम्या खोलीच्या मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. टाळी थांबल्यावर ‘टर्रर्र’ असा तडतडता आवाज भिंतींतून पळत जातो. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंती तोच आवाज एकमेकींकडे फेकत राहतात. यात कितीही महागडा मॉनिटर ठेवला, तरी त्याच्या प्रत्येक सुरामागे हा तडतडाट लागणारच.

ही झाली वरच्या सुरांची अवस्था. खालच्या सुरांचे गणित आणखी अवघड आहे. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुप्पट लांबीची लहर त्या भिंतींमध्ये अडकून घुमते. दहा फुटांसाठी ती सुमारे 56 हर्ट्झची आणि बारा फुटांसाठी 47 हर्ट्झची. आपल्या खोलीत रुंदीही दहा फूट आणि उंचीही दहा फूट, म्हणजे 56 हर्ट्झवर दोन घुमारे एकत्र येतात. तो सूर कोपऱ्यात भुईचक्रासारखा गरगरतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ ऐकूच येत नाही. दोन माणसे एकाच खोलीत बसून एकच ढोल ऐकतात. एकाला तो फुसका वाटतो, दुसऱ्याला गडगडाट. दोष ना ढोलाचा ना स्पीकरचा.

परदेशी पुस्तकांतला सल्ला जसाच्या तसा उचलू नये, तो याचसाठी. तिकडच्या अनेक घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. त्या थोड्या हलतात आणि बराचसा खर्ज त्यांतून बाहेर निघून जातो. आपली वीट आणि काँक्रीट हलत नाही. खर्ज खोलीतच कोंडून ठेवते. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत दगडमातीच्या जाड भिंतीही खर्ज धरून ठेवतात. पण तिथे छताला तुळया आणि कडीपाट, भिंतीत कोनाडे आणि देवळ्या, कुठे फडताळ, कुठे खुंट्यांवर कपडे. एकही पृष्ठभाग फार लांबवर सपाट नसतो, त्यामुळे वरचे आवाज विखुरतात आणि टाळीचा तडतडाट होत नाही. ज्यांच्याकडे अशी जुनी खोली अजून उभी आहे, त्यांनी स्लॅबच्या नव्या खोलीआधी तिचा विचार करावा.

गाद्या, चादरी आणि अंड्यांचे ट्रे

खोलीतला आवाज किती वेळ रेंगाळतो, हे मोजण्याचे शास्त्र वॉलेस सबाइन यांनी 1895 पासून हार्वर्ड विद्यापीठात उभे केले. एका व्याख्यानगृहात बोललेले कळत नव्हते, तेव्हा त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या आणि प्रत्येक वाढत्या गादीबरोबर आवाज किती लवकर विरतो ते नोंदवले. म्हणजे ध्वनिशास्त्राचे हे पान गादीवरच लिहिले गेले आहे, आणि गाद्या आपल्या घरी आहेत.

सबाइन यांच्या सूत्राने आपल्या रिकाम्या खोलीत आवाज अडीच-तीन सेकंद रेंगाळतो. त्यात चार इंच जाडीचे, शंभर चौरस फुटांचे कापसाचे आच्छादन आणले, तर तो साधारण अर्ध्या सेकंदावर येतो. लहान खोलीला हे सूत्र ढोबळमानानेच लागू पडते, पण दिशा नक्की कळते. तीन बाय सहाच्या पाच-सहा गाद्यांएवढे हे क्षेत्रफळ आहे. सुताराकडून चार बाय दोन फुटांच्या चौकटी करून घ्याव्यात, पिंजाऱ्याकडून त्यांत कापूस भरून घ्यावा आणि वरून सुती कापड ताणून बसवावे. कापसाऐवजी रॉकवूलही चालते. ते हाताळताना तोंडाला आणि हातांना झाकून घ्यावे आणि वर कापड घट्ट असावे. कापूस पेट घेतो, म्हणून वायर, बोर्ड आणि देव्हाऱ्यातल्या समईपासून तो लांब ठेवावा.

या चौकटींची पहिली जागा ठरवायला आरसा लागतो. ऐकण्याच्या जागी बसायचे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात जिथे स्पीकर दिसतो, तिथे आवाज आपटून आपल्याकडे येतो. तिथे चौकट लावायची. दुसऱ्या भिंतीवरही तसेच. जमले तर डोक्यावर छतालाही. उरलेले सगळे जाड सामान कोपऱ्यांत, कारण खर्ज कोपऱ्यात साचतो. कोपऱ्यात जमिनीपासून वर रचलेली गाद्या-वाकळांची चवड घुमारा कमी करते, आणि ती तर पाहुण्यांसाठी घरात असतेच.

काही समजुती इथे सोडल्या पाहिजेत. भिंतीवर सोलापुरी चादर टांगली की खोली स्टुडिओ होते, असे बरेच जण धरतात. चादर पातळ असते. ती फक्त टाळांची आणि ‘स’-‘श’ची धार खाते आणि खर्ज होता तिथेच राहतो. परिणामी आवाज आधीपेक्षा जास्त कोंदट होतो. चादर लावायचीच असेल, तर भिंतीपासून वीतभर अंतर सोडून दुहेरी-तिहेरी लावावी. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचा उपयोग नगण्य आहे. आणि यातल्या कशानेही शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडत नाही. तो अडवायला वजनदार भिंत आणि घट्ट दार लागते. गादी फक्त आतला आवाज सुधारते.

मांडणी : टेबल, चौरंग आणि भिंत

दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करावा. स्पीकरमध्ये चार फूट अंतर असेल, तर आपणही प्रत्येकापासून चार फुटांवर बसायचे. ट्वीटर कानाच्या उंचीला. एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा दाराजवळ असे नको. डावी-उजवी बाजू शक्यतो सारखी असावी. बारा फुटांच्या लांबीच्या दिशेने तोंड करून बसावे आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसणे टाळावे.

आपल्याकडे बरेच जण मांडी घालून, पेटी समोर घेऊन काम करतात. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर येतो. तेव्हा उंच टेबलावरचे स्पीकर डोक्यावरून निघून जातात. अशा वेळी स्पीकर भक्कम चौरंगावर ठेवावेत, खाली जाड रबर घालावे आणि तोंड किंचित वर, कानाकडे करावे. बैठक सोडण्याची काही गरज नाही.

मागच्या भिंतीचे अंतर मात्र मोजूनच ठरवावे. वूफरपासून मागची भिंत दोन फुटांवर असेल, तर भिंतीवरून परतलेली लहर 140 हर्ट्झच्या आसपास थेट लहरीला छेद देते. हा जवळजवळ काळी एकचा षड्ज! म्हणजे ज्या सुरावर सगळे गाणे उभे, तोच सूर खोली गिळून टाकते, आणि गायकाचा आवाज पातळ आहे असा आपला समज होतो. स्पीकर भिंतीजवळ सरकवला, पाठीमागच्या छिद्रासाठी हातभर नव्हे पण चार बोटे जागा सोडली, तर हा छेद वर सरकतो आणि तिथे स्पीकरच्या मागची जाड चौकट त्याला आवरू शकते. भिंतीमुळे खर्ज थोडा वाढेल. तो उतरवण्याचे बटण बऱ्याच मॉनिटरच्या पाठीवर असते.

याहून पुढे जायचे असेल, तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही संगणक-प्रणाली फुकट मिळते. तिच्या जोडीला मोजमापाचा माइक घेतला की खोलीचा आलेख समोर दिसतो. आलेखातले उंचवटे ईक्यूने, म्हणजे एकेक सूर कमी-जास्त करण्याच्या सोयीने, उतरवता येतात. खड्डे मात्र भरता येत नाहीत. तिथे सूर वाढवला तेवढाच परतीचा सूरही वाढतो आणि दोघे एकमेकांना पुसतच राहतात. त्यावर स्पीकर किंवा खुर्ची हलवणे हाच उपाय.

वीज आणि तारा

गावाकडे मॉनिटर बिघडण्याचे आणि घुंई करण्याचे मोठे कारण वीज हे आहे. घुंई येऊ लागली, की काही जण थ्री-पिनचा जाड पिन काढून टाकतात. हे कधीही करू नये. अर्थिंग तुटले तर जिवावर बेतते. लॅपटॉप, इंटरफेस आणि दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावर घ्यावेत, तारा बॅलन्स्ड वापराव्यात, आणि घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. बहुतेक घुंई इथेच थांबते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर गुरगुर येतेच. व्होल्टेज खालीवर होत असेल, तर स्टॅबिलायझर लावावा. कामासाठी ब्लूटूथ नको; तिथे आवाज दाबून पाठवला जातो आणि उशिरा पोचतो.

काय ऐकून पारखायचे?

दुकानात ऐकवायची गाणी दुकानदाराची असतात. आपण आपली न्यावीत. पहिली परीक्षा तानपुऱ्याची. चांगल्या मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी खुली असली, की एका तारेतून स्वरांशांचा झोत उठतो आणि हळूहळू रंग बदलत विरतो. चांगल्या मॉनिटरवर तो रंग बदलताना कळतो. वाईटावर नुसते ‘झंऽऽ’ ऐकू येते. दुसरी परीक्षा तबल्याची. साध्या कातड्याच्या ढोलातून बेसूर स्वरांश निघतात, पण शाईमुळे तबल्याचे स्वरांश सुरेल मेळात बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. ‘ना’ आणि ‘तिं’ यांत स्वरांशांचा जो फरक आहे, तो मॉनिटरवर डोळे मिटून ओळखता आला पाहिजे. तिसरी परीक्षा आपल्या घरच्या माणसाच्या बोलण्याची. आईचा आवाज मोबाइलवर नीट ध्वनिमुद्रित करून न्या. तो कसा आहे हे तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

चौथी परीक्षा एखाद्या ओळखीच्या सिनेमाची. परंड्याच्या शेजारी करमाळा तालुक्यात चित्रित झालेल्या ‘सैराट’च्या (2016) संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. आपल्या मातीतली ही गाणी आपल्याकडे बहुतेकांनी वरातीच्या डीजेवर आणि मोबाइलवरच ऐकली. नीट मांडलेल्या दोन मॉनिटरसमोर ती एकदा ऐकावीत. व्हायोलिनांचा ताफा कुठे बसला आहे, त्या दालनाची हवा कशी आहे, आणि या सगळ्यांच्या पुढे गाणाऱ्याचा श्वास कुठे आहे, हे वेगवेगळे दिसू लागते.

कोणी घ्यावेत, कोणी नाही

जो ध्वनिमुद्रण करतो, मिक्स करतो, कीर्तन-भजन-आराधी गीते लोकांपर्यंत पोचवतो, त्याने मॉनिटर घ्यावेतच. जे एकटे किंवा दोघे जण एका जागी बसून मन लावून ऐकतात, त्यांनाही ते लाभतील. मोठ्या हॉलमध्ये दहा जणांना एकाच वेळी ऐकवायचे असेल, स्वयंपाक करता करता गाणे लावायचे असेल, तर मात्र मॉनिटर ही चुकीची खरेदी आहे. त्याची गोडी त्रिकोणाच्या टोकावर आहे. तिथून उठले की ती निम्मी होते. शांत खोलीत स्वस्त मॉनिटरच्या ट्वीटरची बारीक सुसुसू जाणवते, प्रत्येकाला वेगळी वीज लागते, आणि वाईट ध्वनिमुद्रण त्यावर वाईटच ऐकू येते. जुन्या तबकड्यांची खरखर तो लपवणार नाही. पण त्या खरखरीमागचा गळाही लपवणार नाही.

पैसे बेताचे असतील, तर क्रम असा ठेवावा : आधी गाद्या आणि मांडणी, मग अर्थिंग, मग पाच इंची साधी जोडी, आणि शेवटी मोजमापाचा माइक. मोठा वूफर त्यानंतर. शेजाऱ्याशी भिंत सामाईक असेल, तर रात्री दहानंतर चांगला हेडफोन घ्यावा. त्याला खोलीचा दोष नाही. पण डावे-उजवे आणि खर्ज यांचा अखेरचा निर्णय हेडफोनवर करू नये.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या कित्येक बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. त्या ऐकताना ओवीच्या खाली जात्याची घरघर असते. ती घरघर हा दोष समजून कोणी कापून टाकली, तर ओवी राहील आणि जाते जाईल. खोट्या स्पीकरवर बसून काम करणाऱ्याच्या हातून हे नकळत होते.

धाराशिव जिल्ह्यात आराधी मंडळे आहेत, गोंधळी आहेत, संबळ वाजवणारे म्हातारे हात आहेत, ओव्या पाठ असलेल्या आज्या आहेत. त्यांचा आवाज टिपायला आता मुंबईला जावे लागत नाही. घरची एक खोली, पिंजाऱ्याच्या हातच्या चार चौकटी, चौरंगावरचे दोन साधे मॉनिटर आणि मन लावून ऐकणारे कान एवढे पुरते. ज्यांच्या घरी हे आहे किंवा होऊ शकते, त्यांनी या वर्षी गावातल्या एका तरी जुन्या गळ्याला बोलावून बसवावे. आणि डोमगावच्या लेखनिकाने जसे लिहून घेतले, तसा तो आवाज उतरवून ठेवावा.